घरचं पनीर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, दुधाच्या पिशवीपासून वडीपर्यंत

पनीर करायला फार मोठं कौशल्य लागत नाही, तरी पहिल्यांदा करणाऱ्याचं कुठेतरी अडतंच. दूध फाटायला तयार होत नाही. फाटलं तर पंचात नुसता रवाळ चुरा उरतो. वडी जमली तर ती चिवट लागते, नाहीतर आंबट. "दूध तापवा, लिंबू पिळा, गाळा, दाबा" एवढं कोणीही सांगतं आणि ते खरंही आहे, पण पनीर बिघडतं ते या चार क्रियांच्या मधल्या जागांत. दूध कोणतं घेतलं आणि आंबट घातल्यावरची पाच-सात मिनिटं हात किती शांत ठेवला, या दोन गोष्टींवर जवळजवळ सगळं ठरतं. कपडा, वजन, भांडं हे त्यानंतरचं. म्हणून त्या दोन ठिकाणी मी जास्त थांबणार आहे.

मी हे पुण्यात करते, त्यामुळे दूध, दुकानं आणि हवा इथलीच धरली आहे. वेळेचं म्हणाल तर प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचं. दाबणं आणि गार होणं मिळून आणखी तीनेक तास, पण त्यात तुम्हाला काही करायचं नसतं. रात्री भाजी करायची असेल तर दुपारी सुरुवात करा. संध्याकाळी सातला दूध तापवायला घेऊन साडेआठला पनीर कढईत टाकायचं, असं गणित करू नका.

आधी हे जमवा

- म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध, 1 लिटर. पहिल्यांदा याहून जास्त घेऊ नका.
- दोन-अडीच लिटरचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियमचं नको. कल्हई उडालेलं पितळी पातेलं तर अजिबात नको, आंबटाशी धातूची प्रक्रिया होते आणि ती पनीरमध्ये उतरते.
- लाकडी किंवा स्टीलचं लांब दांड्याचं उलथनं.
- स्वच्छ सुती पंचा किंवा मलमलचा चौकोनी तुकडा. श्रीखंडासाठी चक्का बांधायचा पंचा घरात असेल तर तोच उत्तम. नसेल तर लक्ष्मी रोडवरच्या कापडाच्या दुकानातून मलमल आणा, आणि वापरण्याआधी खळ निघेपर्यंत धुऊन, पाण्यात उकळून घ्या.
- मोठी चाळणी आणि ती वर बसेल असं खोल पातेलं.
- आंबट: दोन-तीन रसदार लिंबं, किंवा व्हिनेगर, किंवा सायट्रिक ॲसिड, किंवा आंबट दही. सगळ्यांबद्दल पुढे सांगते.
- दाबायला वजन: पाण्याने भरलेलं पातेलं, खलबत्ता, काहीही दोन-अडीच किलोचं.
- गार पाणी, हाताशी भरून ठेवलेलं.

थर्मामीटर असला तर चांगलं, नसला तरी अडत नाही. नवीन घेतला असेल तर एकदा पारखून घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी 100 नाही, 98 अंशांच्या आसपास उकळतं. उकळत्या पाण्यात काटा 98 दाखवत असेल तर तो बरोबर आहे. त्याला बिघडलेला समजून परत करू नका.

भांडी नव्याने घ्यायची असतील तर तुळशीबाग किंवा बोहरी आळी. पनीरचे लाकडी साचे, भोकाभोकांचे डबे वगैरे दाखवले जातील, पण ते आत्ताच घेऊ नका. चौकोनी वडी पंचाच्या घडीतूनही निघते.

1. दूध निवडा

इथेच अर्धं पनीर ठरतं. दुधाच्या पिशवीवर समोरच्या बाजूला मोठं नाव असतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत फॅट आणि एसएनएफ. तुम्हाला ती बारीक अक्षरं वाचायची आहेत. फुल क्रीम म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून बाकीचे घन पदार्थ, असावे लागतात. टोन्ड दुधात हे आकडे 3 आणि 8.5, डबल टोन्डमध्ये 1.5 आणि 9. पनीर म्हणजे या घन पदार्थांतली प्रथिनं आणि त्यांत अडकलेली चरबी. दुधात जे नाही ते पंचात कुठून येणार?

चितळे, कात्रज, गोकुळ, अमूल यांपैकी तुमच्या भागात जे ताजं मिळतं ते घ्या, फक्त म्हशीचं किंवा फुल क्रीम घ्या. 1 लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण 200 ग्रॅम पनीर होतं, थोडं कमी किंवा जास्त. गाईच्या दुधाचं 150 ते 180 ग्रॅम, आणि ते जात्याच मऊ असतं. रसगुल्ल्यासाठी छेना, म्हणजे न दाबलेलं मऊ पनीर, हवा असेल तर गाईचंच दूध लागतं, तिथे मऊपणा हाच गुण. भाजीत घालायच्या, परतायच्या वड्यांसाठी मात्र म्हशीचं.

किंमत परवडते का हे पाहायचं असेल तर सोपा हिशोब आहे: दुधाच्या एका लिटरच्या दराला पाचाने गुणा. तो झाला घरच्या एक किलो पनीरचा दुधाचा खर्च. दुकानातल्या किलोच्या दराशी तो ताडून पाहा. बाजारातलं पनीर या आकड्याहून फारच स्वस्त असेल तर ते निव्वळ दुधाचं कसं असेल, हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा.

आता दुधाच्या बाबतीतले तीन सापळे.

पहिला, साय काढलेलं दूध. आपल्याकडे दूध आणलं की तापवायचं, गार झालं की फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाड साय काढून तुपासाठी साठवायची. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की पनीरचं दूधही आपण त्याच पातेल्यातून घेतो. साय गेली की चरबी गेली. मग पनीर कमी निघतं आणि जे निघतं ते कोरडं लागतं. पनीरसाठी पिशवी वेगळी आणा आणि ती थेट पातेल्यात फोडा.

दुसरा, टेट्रापॅकमधलं दूध. ते 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं, म्हणून न उघडता महिनोन्‌महिने टिकतं. पण एवढ्या उष्णतेत त्यातली प्रथिनं बदलतात. लिंबाने ते फाटतं, गोळेही होतात, पण ते मऊ, लिबलिबीत राहतात आणि वडी नीट धरत नाही. प्रवासात चहाला ठीक. पनीरला नको.

तिसरा, आपोआप नासलेलं दूध. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सकाळी बाहेर राहिलेली पिशवी दुपारी तापवताना फुटते. वाया जाऊ नये म्हणून त्याचं पनीर करावंसं वाटतं. वास ताजा आहे, फक्त किंचित आंबूस आहे, तर गाळून लगेच शिजवायच्या पदार्थात वापरा. वास उग्र आहे, चव कडवट आहे किंवा दुधाला तार सुटते आहे, तर टाकून द्या. फाटलेलं दूध आणि बिघडलेलं दूध यांत फरक आहे, आणि तो उकळल्याने मिटत नाही.

गवळ्याकडचं सुटं दूध मिळत असेल तर त्याचं पनीर सुरेख होतं. मात्र ते कच्चं असतं, पिशवीतल्या दुधासारखं पाश्चराइज केलेलं नसतं. त्याला खळखळून उकळी आलीच पाहिजे. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर यात जराही सवलत नाही.

2. दूध तापवा

पातेल्यात आधी दोन-तीन चमचे पाणी फिरवून घ्या आणि मग दूध ओता, म्हणजे बुडाला लागण्याचा संभव कमी होतो. मध्यम आच. दर मिनिटाला उलथनं बुडाशी फिरवत राहा, सायीचा थर जमू देऊ नका. साय जमली तर ती वडीत वेगळा पापुद्रा होऊन बसते.

दूध वर येऊ लागलं, कडेला फेस धरला की गॅस बारीक करा आणि चार-पाच मिनिटं तसंच राहू द्या. हे थांबणं पुष्कळ जण गाळतात, पण त्याला कारण आहे. दुधातली सुमारे 80 टक्के प्रथिनं केसीन या जातीची असतात, ती आंबटाने गोठतात. उरलेली एरवी पाण्याबरोबर वाहून जातात. दूध 80 अंशांच्या वर काही मिनिटं राहिलं की ही उरलेली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि पनीरमध्ये येतात. चार मिनिटांच्या धीराचं मोल तराजूवर दिसतं.

खाली लागलंच तर खरवडू नका. वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या आणि पुढे चला. करपट वास एकदा मिसळला की कितीही धुतलं तरी पनीरमधून जात नाही.

3. आंबट तयार करा

दूध तापत असतानाच हे करून ठेवा. 1 लिटरसाठी पुढीलपैकी कोणतंही एक:

- लिंबू: दोन मोठे चमचे गाळलेला रस आणि तेवढंच पाणी. बी आणि चोथा गाळून घ्या.
- व्हिनेगर: साधं पांढरं, दोन ते तीन मोठे चमचे आणि तेवढंच पाणी.
- सायट्रिक ॲसिड: सपाट अर्धा लहान चमचा, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, एक कप कोमट पाण्यात विरघळवून. वाण्याकडे लिंबूसत्त म्हणून मिळतं. खाण्याचंच आहे ना, हे विचारून घ्या.
- दही: अर्धी वाटी आंबट दही, घुसळून सारखं केलेलं.

पाणी मिसळायला विसरू नका. दाट आंबट दुधात जिथे पडतं तिथल्या तिथे घट्ट, कडक गोळा करतं आणि बाकीचं दूध तसंच राहतं. पातळ आंबट सगळीकडे पसरतं.

माझं मत विचाराल तर नवख्याने सायट्रिक ॲसिडने सुरुवात करावी. लिंबाचा भरवसा नसतो. पावसाळ्यात रसाने टच्च असणारं लिंबू उन्हाळ्यात महाग होतं आणि पिळलं तर चमचाभर रसही निघत नाही, आंबटपणाही कमी-जास्त. सायट्रिक ॲसिड मोजून घेता येतं, त्यामुळे या वेळी जमलं ते पुढच्या वेळीही जमतं. हात बसला की मग लिंबाकडे या, चवीला तेच छान. दह्याने पनीर सगळ्यांत मऊ होतं, पण दही किती आंबट आहे यावर प्रमाण बदलतं आणि ते नजरेलाच ठरवावं लागतं.

4. आंबट घाला आणि थांबा

गॅस बंद करा. दोन-तीन मिनिटं दूध स्थिर होऊ द्या. थर्मामीटर असेल तर 75 ते 80 अंश. नसेल तर खळखळ थांबलेली असावी, वाफ मात्र भरपूर निघत असावी.

आता आंबटाचा साधारण तिसरा हिस्सा गोलाकार फिरवत ओता. उलथन्याने बुडापासून वर असं दोन-तीनदाच सावकाश हलवा. थांबा. अर्ध्या मिनिटाने आणखी एक हिस्सा, पुन्हा दोनदा हलवा, पुन्हा थांबा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हिश्श्याला पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या दिसू लागतील आणि मधून हिरवट-पिवळं, आरपार दिसणारं पाणी डोकावेल. ते दिसलं की आंबट घालणं बंद. वाटीत उरलं असेल तर उरू द्या, "काढलंय तर घालून टाकू" नको.

ही खूण नीट लक्षात ठेवा: पाणी दुधाळ असेल तर काम अर्धवट आहे. हिरवट-पिवळं आणि स्वच्छ असेल तर झालं. ती हिरवी झाक दुधातल्याच रायबोफ्लेविनची, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाची असते, त्यात काही बिघडलेलं नाही.

आत काय घडतं ते कळलं की हात आपोआप शांत होतो. केसीनचे सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत दुधात तरंगत असतात. आंबटाने दुधाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) 6.6 वरून साडेपाचाच्या खाली येऊ लागला की हे दूर लोटणं संपतं, कण एकमेकांना चिकटतात आणि जाळं बनतं. चरबी त्या जाळ्यात अडकते. जाळं विणलं जात असताना तुम्ही जोरजोरात ढवळलं तर ते तुटतं, चरबी सुटून पाण्यात जाते आणि हाती रवा राहतो. दूध जितकं गरम तितकं कमी आंबट पुरतं. कोमट दुधात भसाभस लिंबू पिळलं तर दूध फाटेल, पण पनीर आंबट आणि पिठूळ होईल.

म्हणून आता पातेल्यावर झाकण ठेवा आणि पाच मिनिटं त्याला हात लावू नका. या वेळात गुठळ्या एकमेकींना धरतात आणि तळाशी बसतात.

दूध फाटलंच नाही तर? आधी आंबट वाढवू नका, आधी उष्णता बघा. पातेलं पुन्हा बारीक गॅसवर ठेवा, कडेला वाफ धरू लागेपर्यंत. पुष्कळदा तेवढ्यानेच फाटतं. तरीही पाणी दुधाळ राहिलं तर पाणी मिसळलेलं आंबट एकेक चमचा घाला. आणि फाटल्यावर लगेच गॅस बंद. फाटलेलं दूध उकळत ठेवलं की जाळं आवळतं, पाणी बाहेर फेकलं जातं आणि वडी चिवट होते. दाताखाली करकरणारं पनीर बहुतेक वेळा इथेच तयार होतं.

5. गाळा आणि धुवा

खोल पातेल्यावर चाळणी, चाळणीवर ओला करून पिळलेला पंचा. कोरडा पंचा गुठळ्यांना धरून ठेवतो, ओल्यातून सहज सुटतात. पातेलं एकदम उपडं न करता हळूहळू ओता. गाळलेलं पाणी टाकू नका, त्याचं पुढे काम आहे.

लिंबू किंवा व्हिनेगर वापरलं असेल तर पंचातल्या पनीरवर दोन-तीन वाट्या गार पाणी फिरवा. आंबटपणा निघतो आणि आतली उष्णता उतरल्याने पनीर आणखी घट्ट व्हायचं थांबतं. चवीला मीठ हवं असेल तर याच वेळी अर्धा लहान चमचा हलक्या हाताने मिसळा. कोणी जिरं, मिरपूड, चिरलेली कोथिंबीरही घालतात. मिसळायचं म्हणजे खालीवर करायचं, मळायचं नाही. मळायचं ते छेन्याला, रसगुल्ल्यासाठी.

6. दाबा

पंचाची चार टोकं जवळ घेऊन पीळ द्या, पाणी थेंबथेंब होईपर्यंत. पिळून पिळून कोरडं करू नका. मग पीळ सोडून पंचाची घट्ट चौकोनी घडी घाला. कोपरे आत्ताच नीट केले की वडी चौकोनी निघते. उलटी ठेवलेली चाळणी किंवा पोळपाट थोडा तिरका करून सिंकजवळ मांडा, त्यावर घडी, वर सपाट ताटली आणि ताटलीवर वजन.

1 लिटरच्या पनीरला दोन-अडीच किलो वजन वीस ते तीस मिनिटं पुरतं. पुरणपोळीचा पाटा रात्रभर ठेवायची गरज नाही, त्याने पनीर कोरडं पडतं. बुर्जी किंवा पराठ्याच्या सारणासाठी करत असाल तर ही पायरी सोडूनच द्या, नुसतं निथळलेलं पनीर त्याला अधिक चांगलं.

7. गार पाण्यात ठेवा

पंचातून काढलेली वडी लगेच कापायला घेऊ नका. ती गार पाण्याच्या भांड्यात बुडवून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. दुग्धालयांतही दाबलेलं पनीर असंच थंड पाण्यात बुडवतात. आतली चरबी गोठते आणि वडी आकार धरते. हे केलं की सुरीने स्वच्छ तुकडे पडतात आणि कढईत फुटत नाहीत. घाईत हीच पायरी गळते आणि मग दोष दुधाला दिला जातो.

काय बिघडलं ते कसं ओळखावं

वडी भुसभुशीत, हात लावताच सुटते: दूध कमी चरबीचं होतं, किंवा फाटताना जास्त ढवळलं, किंवा फार कमी दाबलं. त्याची बुर्जी करा, छान होते.

वडी चिवट: फाटल्यावर उकळलं, आंबट जास्त झालं, किंवा वजन फार वेळ राहिलं. तुकडे गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले तर थोडे मऊ पडतात.

आंबट चव: धुतलं नाही, किंवा आंबट जास्त. तुकडे करून गार पाण्यात अर्धा तास ठेवा आणि पाणी बदला.

पनीर फारच कमी निघालं: गाळलेल्या पाण्याकडे बघा. ते दुधाळ असेल तर तुमचं पनीर त्यातच आहे. पाणी पुन्हा तापवून अर्धा चमचा लिंबू घाला, वर येणारा साका पंचातून गाळून घ्या.

गॅसही न लावता: चक्क्याचं मऊ चीज

ब्रेडला लावायचं चीज हवं असेल तर त्यासाठी दूध फाडायला नको. चक्का आपल्याला नवा नाही. श्रीखंडाच्या चक्क्यात साखर घालतो, इथे मीठ, एवढाच फरक. म्हशीच्या दुधाचं ताजं, गोड दही 1 किलो घ्या, त्यात पाऊण लहान चमचा मीठ मिसळा, पंचात बांधा आणि चाळणीत ठेवून वर हलकं वजन द्या. दहा-बारा तासांत पाणी निथळून चारशे ते पाचशे ग्रॅम घट्ट, लोण्यासारखा चक्का मिळतो. त्यात ठेचलेला लसूण, भरडलेली मिरी, थोडी कोथिंबीर किंवा लाल मिरचीचे तुकडे घाला. पश्चिम आशियातलं लबनेह ते हेच.

एक खबरदारी पुण्याच्या हवेची. डिसेंबर-जानेवारीत पंचा रात्रभर नळाला टांगला तरी चालतं. मार्चपासून पुढे मात्र तो फ्रिजमध्येच निथळू द्या, बाहेर ठेवला तर सकाळपर्यंत दही आंबून जातं आणि मीठ घालूनही ती चव झाकत नाही.

साठवण

घरच्या पनीरमध्ये टिकवणारं काहीही नसतं. झाकणाच्या डब्यात, पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. बोटांना बुळबुळीत लागलं किंवा पिवळा थर दिसला तर धुऊन वापरू नका, टाका. फ्रीझरमध्ये ते टिकतं, पण पाणी गोठल्याने जाळं फाटतं आणि पोत चुरचुरीत होतो. वापरण्याआधी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा आणि रस्सा भाजीतच घाला. चक्क्याचं चीज कोरड्या डब्यात चार दिवस चांगलं राहतं.

उरलेलं पाणी

1 लिटर दुधातून पाऊण लिटरच्या आसपास पाणी निघतं. त्यात दुधातली साखर, काही प्रथिनं आणि क्षार असतात. पोळ्यांची कणीक त्यात भिजवा, पोळ्या मऊ होतात. आमटीत, कढीत, भात शिजवताना साध्या पाण्याऐवजी घाला, फक्त मग चिंच किंवा आमसूल हात राखून टाका. कुंडीत रोज ओतू नका. आंबट असतं, मुंग्या येतात आणि मातीला वास लागतो.

आणि एक वाटी बाजूला ठेवा. झाकून ओट्यावर ठेवलेलं हे पाणी उन्हाळ्यात एका रात्रीत आणि थंडीत दोन दिवसांत आंबतं. मिठाईवाले छेन्यासाठी असंच आंबवलेलं पाणी वापरतात. ते सौम्य असतं, म्हणून लिंबापेक्षा जास्त लागतं, 1 लिटरला दीड-दोन वाट्या तरी. गरम दुधात थोडं थोडं घालत जा, हिरवट पाणी दिसलं की थांबा. वास ताकासारखा असेल तरच वापरा. वर बुरशी किंवा फेसाळ थर आला असेल तर ओतून द्या आणि त्या वेळेपुरतं सायट्रिक ॲसिड घ्या.